भिंगरीची वाटणी

भिंगरी पहिल्यांदा चालली ती दादांच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात, मागच्या टेबलावर. तेव्हा तिला नावही नव्हतं. दादांचा धाकटा भाऊ इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण संपवून घरी आला होता. नोकरीचे अर्ज टाकून झाले होते, उत्तरं येत नव्हती, म्हणून दुकानात येऊन बसायचा. दुरुस्तीला आलेल्या टीव्हींत त्याचा जीव फारसा रमत नसे. मोडीत काढलेल्या सामानातून त्याने एक सर्किट जुळवलं आणि एका टीव्हीला जोडलं. पडद्यावर एक पांढरा ठिपका उमटला. नॉब फिरवला की ठिपका फिरे. बस, एवढंच.

दादांनी विचारलं, याचा उपयोग काय? धाकट्याला काही सांगता येईना. पण आपला टीव्ही न्यायला आलेला एक शिंपी बाकावर बसला होता, त्याने सहज नॉब हातात घेतला आणि टीव्ही तयार झाला तरी तो काही उठेना. दुसऱ्या दिवशी शिंपी परत हजर. घरी काही बिघडलं नव्हतं. त्याला नुसता नॉब फिरवायचा होता.

दादांचं बिऱ्हाड दुकानाच्या वरच होतं. दादांची बायको, म्हणजे वहिनी, जेवायला बोलवायला खाली आल्या आणि जेवण विसरून त्याही नॉब फिरवत बसल्या. त्याच म्हणाल्या, की हे टीव्हीच्या पोटात कशाला कोंबताय, वेगळ्या डब्यात घाला, म्हणजे कुणाच्याही टीव्हीला जोडता येईल. ठिपका गरगर फिरताना बघून त्या म्हणाल्या, "अगदी भिंगरी आहे हो." तेच नाव पडलं.

डबा करायचं काम दादांनी अंगावर घेतलं. आजवर त्यांनी फक्त दुसऱ्यांचे टीव्ही उघडले होते, पण उघडता उघडता कुठला डबा चांगला आणि कुठला वाईट हे त्यांच्या हाताला कळायला लागलं होतं. कोपऱ्याने बोट कापू नये, मूल त्यावर चढून उभं राहिलं तरी दबू नये, वायर ओढली तर तुटण्याऐवजी सुटून यावी, असले त्यांचे हट्ट होते. साचा करणारा वैतागला. तीनदा साचा बदलला, मग दादा हो म्हणाले. साईच्या रंगाचा, कडा गोल केलेला तो डबा पुढे इतका ओळखीचा झाला, की लांबून नुसता कोपरा दिसला तरी पोरं म्हणत, भिंगरी.

पहिल्या मशीनमध्ये मोजकेच खेळ होते आणि ते आतच बसवलेले होते. खेळून कंटाळा आला की मशीन माळ्यावर जाई. म्हणून दुसऱ्या मशीनला धाकट्याने वर एक खाच ठेवली. त्या खाचेत कॅसेट घातली की नवा खेळ. आणि त्या मशीनबरोबर त्याने बोका आणला.

बोका म्हणजे चौकोनी चौकोनी ठिपक्यांचा एक जाडा, काळा बोका. तो एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर उड्या मारत जाई. वाटेत वाळत घातलेले कपडे, पाण्याच्या टाक्या, झाडू घेतलेली एक बाई. चुकला की खाली पडे, अंग झटके आणि मान वळवून खेळणाऱ्याकडे बघे. त्या बघण्यात एवढी नाराजी होती की लोक मुद्दाम त्याला पाडत. ते बघणं जमवायला धाकट्याला आख्खा उन्हाळा लागला होता. चिपमध्ये जागा उरली नव्हती, म्हणून एक गच्ची कमी करून त्याने ती नजर बसवली. दादांनी डोक्याला हात लावला होता. पण लोक दुकानात जाऊन भिंगरी मागायचे तेव्हा "ते बोक्याचं मशीन द्या" असंच म्हणायचे.

दुकान सुटलं, कारखाना आला. एका लांब खोलीत बायका ओळीने बसून सर्किटवर सोल्डरिंगचे डाग द्यायच्या. पलीकडच्या खोलीत साच्यातून डबे निघायचे, आणि त्यांच्या गरम प्लॅस्टिकचा वास कपड्यांना चिकटून घरापर्यंत यायचा. शेवटची खोली तपासणीची. ती वहिनींच्या ताब्यात. तिथे भिंतीला लागून टीव्ही मांडलेले, प्रत्येकावर बोका उड्या मारतोय, आणि वहिनी एकेका मशीनवर बसून हात चालवून बघताहेत. त्यांचा हात इतका बसला होता, की बटण जरा जरी अडकत असलं तरी त्या न बोलता मशीन बाजूला काढत. त्या खोलीत वहिनींशी बोका खेळून कुणी जिंकल्याचं कुणाला आठवत नाही. धाकटा एकदा हरला तेव्हा म्हणाला, की बोका मी बनवला खरा, पण तो ऐकतो वहिनींचं.

ती वर्षं चांगली गेली. दोघे भाऊ दुपारी एकाच टेबलावर जेवत. जेवताना दादा साच्यांबद्दल बोलत आणि धाकटा खेळांबद्दल. कुणी कुणाचं पूर्ण ऐकत नसे, आणि तरी दोघांचं बरं चाललं होतं.

मग दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. एकेकटी घडली असती तर कदाचित निभावलं असतं.

डीलर दादांच्या मागे लागले होते. त्यांना सुट्टीच्या आधी नव्या कॅसेट हव्या होत्या, भरपूर हव्या होत्या. धाकटा वर्षाला दोन-तीन खेळ करायचा, त्याहून जास्त होईनात. शेवटी दादांनी बाहेरच्या काही लोकांना भिंगरीसाठी कॅसेट काढायची परवानगी देऊन टाकली. धाकटा तेव्हा आजारी होता, अंथरुणात होता. त्याला बरं वाटल्यावर सांगू असं दादांनी ठरवलं आणि मग राहून गेलं. त्या कॅसेट आल्या, त्यावर भिंगरीचं नाव होतं, आणि त्या फार वाईट होत्या. एका खेळात तर गाडी पडद्याच्या काठाला अडकली की मशीन बंद करण्यावाचून इलाज नव्हता. धाकट्याला हे कळलं ते एका दुकानात, काउंटरवर उभा असताना.

तो दादांना काहीच बोलला नाही. त्याच आठवड्यात एका मासिकाचा माणूस त्याच्याकडे आला होता. कारखान्यात कोण काय करतं, असं त्याने विचारलं. धाकटा म्हणाला, "खेळ मी बनवतो. दादा डबे बनवतो."

छापून आलं. दादांनी ते सकाळी चहा घेताना वाचलं. मासिक घडी करून ठेवलं, कप तसाच ठेवला आणि कारखान्यात गेले. वहिनींनी नंतर उघडून वाचलं. वाक्य खोटं नव्हतं. दादा खरोखरच डबे बनवत होते आणि त्याचा त्यांना अभिमानही होता. पण ते असं वाचायला नको होतं.

त्या दिवशी दुपारी दोघं एका टेबलावर जेवले नाहीत. नंतर महिनाभर बोलले ते कामापुरतं. आणि मग एक दिवस तपासणीच्या खोलीच्या दारात उभं राहून, सगळ्या बायकांदेखत, दादा म्हणाले, की डबे माझे असतील तर डब्यावरचं नावही माझंच. धाकटा म्हणाला, की खुशाल घ्या. आयुष्यभर दादाला तो अरे-तुरे करत आला होता. "घ्या" म्हणाला तेव्हाच वहिनींना कळलं, की हे आता लवकर मिटायचं नाही.

वाटणी वकिलाकडे झाली. कारखाना, साचे, डीलर आणि भिंगरी हे नाव दादांकडे. सगळे खेळ, बोक्यासकट, आणि सर्किटची कागदपत्रं धाकट्याकडे. दादांच्या मशीनवर धाकट्याचे खेळ चालायचे नाहीत, आणि धाकट्याने भिंगरीचं नाव लावायचं नाही. वकील दोघांना ओळखणारा होता. सह्यांच्या आधी त्याने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "एकाकडे मशीन राहील, पण त्यावर खेळायचं काय? दुसऱ्याकडे खेळ राहील, तो लोकांनी कुठल्या नावाने मागायचा?"

दादा म्हणाले, खेळ विकत मिळतात. धाकटा म्हणाला, नावं काय, पैशाला पासरी मिळतात. वहिनी मधल्या खुर्चीत बसल्या होत्या. दोघांनीही एकदा त्यांच्याकडे बघितलं. त्या बोलल्या नाहीत. बोललं तर बाजू घेतल्यासारखं होईल असं त्यांना वाटलं.

पुढचं सगळं वकिलाने बोलून दाखवल्याप्रमाणेच झालं, फक्त जरा जास्त लवकर झालं.

दादांनी नव्या माणसांकडून नवं सर्किट आणि नवा खेळ करून घेतला. त्यात एक खार होती. खार झाडावर चढे, बिया गोळा करे, दिसायला छान होती. एका प्रदर्शनात दादा स्वतः स्टॉलवर उभे होते. एक लहान मुलगी आली, डबा ओळखून धावतच आली आणि बटणं दाबायला लागली. खार बघून थांबली. बोका कुठाय, म्हणाली. दादांनी सांगितलं की आता यात खार आहे, बघ कशी चढते. मुलीने थोडा वेळ खेळून बघितलं, अगदी दादांना वाईट वाटू नये एवढ्यापुरतं, आणि मग बटणं सोडून आईचा हात धरून निघून गेली. दादांनी हे घरी येऊन वहिनींना सांगितलं. सांगताना हसले. मग बराच वेळ बूट काढायचे विसरून तसेच खुर्चीत बसले.

धाकट्याने दुसऱ्या गावात छोटी जागा घेऊन आपलं मशीन काढलं. नाव ठेवलं झेप. आत बोका होता, पहिल्यापेक्षा देखणा, आणि आता त्याला कमी केलेली गच्चीसुद्धा परत मिळाली होती. पण डबा दुसऱ्या कुणाकडून करून घेतलेला, चपटा, खडखड वाजणारा. धाकटा पिशवीत मशीन घालून दुकानं फिरायचा. एका दुकानदाराने खेळ सुरू झालेला बघितला आणि वायर उपटून मशीन परत त्याच्या हातात दिलं.

"नकली माल मी ठेवत नाही," तो म्हणाला. "हा बोका भिंगरीवाल्यांचा आहे. तुम्ही उचललात."

धाकटा म्हणाला, की बोका मीच बनवलाय.

"सगळे असंच म्हणतात," दुकानदार म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

हे धाकट्याने वहिनींना फोनवर सांगितलं. दादा कारखान्यात असतील अशी वेळ बघून तो अधूनमधून फोन करायचा. वहिनी, तुम्हीच सांगा, म्हणाला, आता मी बोका माझा आहे हे कसं सिद्ध करू? आणि वर, हे दादाला सांगू नका.

त्यांनी सांगितलं नाही. दादांची प्रदर्शनातली गोष्टही त्यांनी धाकट्याला सांगितली नाही. नवऱ्याची फजिती दिराला सांगायची हे त्यांच्या मनाला पटेना, आणि दिराचा अपमान नवऱ्याच्या कानावर घालायचा हेही पटेना. दोघांनी विश्वासाने सांगितलेलं दोघांचं दुःख त्यांनी अगदी जपून ठेवलं. तेव्हा त्यांना तो शहाणपणा वाटला होता.

थोड्याच दिवसांत परदेशातली मोठी मशीनं आली. त्यांच्यापुढे खारही टिकली नाही आणि झेपही. एकत्र असते तरी टिकले असते की नाही, देव जाणे. पण निदान बघायला तरी मिळालं असतं. धाकट्याने जागा सोडली आणि लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत नोकरी धरली. दादांनी कारखाना बादल्या बनवणाऱ्याला विकला. साचे भंगारात गेले. नाव मात्र त्यांनी विकलं नाही. पंखेवाले आले, मिक्सरवाले आले, एक खेळण्यातल्या बंदुका बनवणारा आला. दादा प्रत्येकाला चहा पाजत आणि नाही म्हणत.

दोघं भाऊ एकमेकांच्या मुलांच्या लग्नांना गेले. आहेर दिला, जेवले, बसची वेळ झाली म्हणून निघाले. भांडण असं कुणाला दिसलं नसतं. मुलं मोठी होऊन लांब गेली, केस पांढरे झाले, तरी तेवढंच.

मग एक बाई आली. लहानपणी भिंगरी खेळलेली, आता स्वतःची कंपनी असलेली. तिला भिंगरी परत काढायची होती, तळहाताएवढी, जुने खेळ आतच भरलेली. त्यासाठी दादांकडून नाव हवं होतं आणि धाकट्याकडून बोका. तिने समजूतदारपणे सांगितलं, की एकत्र यायची काही गरज नाही, दोघांच्या घरी जाऊन वेगवेगळ्या सह्या घेता येतील. दादांना ते सोयीचं वाटलं. पण वहिनी म्हणाल्या, सह्या होतील त्या माझ्या घरी, एका टेबलावर, नाहीतर होणार नाहीत. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण बायकोने असं ठणकावून सांगितल्याचं दादांना आठवेना. ते हो म्हणाले.

धाकटा आला. दादांच्या डोळ्यांचं त्याला कुणी नीट सांगितलं नव्हतं. समोर बघितलं की मधोमध त्यांना धुकं दिसायचं, कडेचं तेवढं दिसायचं, त्यामुळे माणसाशी बोलताना ते मान तिरकी धरत. धाकट्याला आधी वाटलं, की दादा अजून आपल्याकडे सरळ बघत नाही.

बाईने सह्या घेतल्या. त्याला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. मग तिने नमुन्याचं मशीन टीव्हीला जोडलं आणि कौतुकाने दादांच्या हातात दिलं. जुनं संगीत वाजलं. दादांनी डबा आधी हाताने चाचपला, कडा तपासल्या, बरा आहे म्हणाले. खेळ सुरू झाला आणि बोका लगेच पडला.

"कुठाय तो?" दादांनी विचारलं. "मला मधलं दिसत नाही रे."

इतक्या वर्षांनी त्यांनी धाकट्याला उद्देशून काढलेलं ते पहिलं कामाबाहेरचं वाक्य. धाकटा उठून त्यांच्या खुर्चीशेजारी जाऊन बसला.

"पहिल्या गच्चीवर आहे. चाल. अजून. आता काठावर आलाय, दाब."

दादांनी दाबलं.

"पोचला. आता टाकी आहे. थांब जरा. दाब. आता ती झाडूवाली येतेय, तिला जाऊ दे."

असं करत दादा तिसऱ्या गच्चीपर्यंत गेले. तिथे पडले. बोक्याने मान वळवून बघितलं असणार, कारण धाकटा हसला, आणि तो का हसला हे कळून दादाही हसले. बाई खूश झाली आणि कागद पिशवीत घालून गेली.

वहिनी अजून टेबलाशीच होत्या. त्यांनी काही ठरवलं नव्हतं. पण त्या बोलायला लागल्या आणि दोन्ही गोष्टी सांगून टाकल्या. प्रदर्शनातली मुलगी, आणि वायर उपटणारा दुकानदार. आधी एकीकडे बघून, मग दुसरीकडे.  नकली माल म्हणाला हे ऐकल्यावर दादांनी तिरकी मान वळवून धाकट्याकडे बघितलं.

"तुला म्हणाला? तुला?"

"मलाच."

दादांनी मान टेबलाकडे वळवली. मग वहिनींना म्हणाले, "हे तेव्हा का नाही सांगितलंस?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर वहिनींना उत्तर देता आलं असतं. दादांनी ती गोष्ट तेव्हा ऐकली असती तर त्याच संध्याकाळी त्या दुकानदाराकडे गेले असते, आणि तिथून धाकट्याकडे, हे वहिनींना तिथे बसल्या बसल्या लख्ख दिसलं. मुलीची गोष्ट ऐकून धाकटाही बोका घेऊन आला असता. तो मुलांच्या बाबतीत फार हळवा होता.

"सांगायला हवं होतं," एवढंच त्या म्हणाल्या.

मग धाकटा म्हणाला, की ते डब्यांचं वाक्य मी बोललो होतो, मासिकवाल्याने बनवलेलं नव्हतं. रागात होतो, लागावं म्हणूनच बोललो.

"माहीत आहे," दादा म्हणाले. "आणि परवानगी मी तुला न विचारता दिली होती. आजारी होतास ते निमित्त. विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, म्हणून नाही विचारलं."

एवढंच होतं. इतक्या वर्षांचा अबोला, आणि तो सोडवायला लागली ती एक दुपार, तीही पूर्ण नाही. वहिनींना सगळ्यात जास्त त्याचंच वाईट वाटलं. गाठ मोठी असती तर काही समाधान तरी असतं.

छोटी भिंगरी निघाली. पहिला माल हातोहात संपला. घेणारे सगळे चाळिशी-पन्नाशीचे. त्यांनी ती घरी नेली, मुलांना बोलावून दाखवली, मुलांनी एकदा खेळून बघितली आणि आपापल्या फोनकडे वळली. दुसरा माल गोदामात पडून राहिला. बाईने फोन करून तसं मोकळेपणाने सांगितलं. दादा म्हणाले, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, तिचे दिवस होऊन गेलेत.

धाकटा आता आठवड्यातून एकदा येतो. दोघांचं बोलणं बहुतेक औषधांवर, गुडघ्यांवर, कुणाच्या मुलाने काय केलं यावर. एकदा मात्र दादांनी अचानक विचारलं, "आपण वेगळे झालो नसतो तर पुढचं मशीन तू कसं केलं असतंस?"

धाकट्याने आढेवेढे घेतले नाहीत. म्हणजे ते त्याच्या डोक्यात अजून होतंच. एका मशीनला चार जणांना बसता आलं पाहिजे, तो म्हणाला, आणि बोक्याला पिल्लं असणार होती, प्रत्येकाला एक. दादांनी डबा केवढा झाला असता ते विचारलं. धाकट्याने हाताने दाखवलं, मग दादांना समोरचं दिसत नाही हे लक्षात येऊन त्यांचे हात धरून तेवढे लांब केले. एवढा मोठा? मग हवा आत खेळायला मागून जाळी ठेवायला हवी होती, दादा म्हणाले, वर नको, वर ठेवली की लोक चहा सांडतात. धाकटा म्हणाला, मागे वायरी येतात. मग खालून, दादा म्हणाले, आणि पाय उंच करायचे.

बोलता बोलता त्यांचा डोळा लागला. हल्ली असं व्हायचं. मान छातीवर आली. धाकटा थांबला, हात गुडघ्यांवर ठेवून त्यांच्याकडे बघत राहिला.

वहिनींनी दादांच्या अंगावर चादर घातली आणि समोरची खुर्ची ओढून बसल्या.

"सांगा भावजी," त्या म्हणाल्या. "मी ऐकतेय. पिल्लं चार, पुढे?"

धाकट्याने आवाज खाली केला आणि पुढचं सांगायला लागला.